चोराच्या यादीतलं नाव

संध्याकाळी सहाला गरम पाण्याच्या कुंडावर जो उंच, वाळका म्हातारा खांद्यावर निळा टॉवेल टाकून यायचा, त्याला ऑस्ट्रेलियातलं सगळं लाइटनिंग रिज गाव घड्याळ्या म्हणायचं. एकोणीस वर्षं हा गृहस्थ सहाच्या ठोक्याला कुंडाचं फाटक उघडत आला. हवा चव्वेचाळीस अंशांवर गेलेली असो, पाणी वाफाळत असो, त्याचा नेम चुकला नाही. कुणी हसलं तर म्हणायचा, "आमच्याकडे लोक लाकडी खोलीत कोंडून घेऊन घाम गाळतात. मी निदान उघड्यावर बसलोय." आमच्याकडे म्हणजे फिनलंडमध्ये, एवढं लोकांना ठाऊक होतं. त्यापुढचं कुणी विचारलं नाही. ओपल या रंगीत रत्नाच्या खाणींच्या या माळावर रीतच तशी आहे. माणूस कुठून आला, का आला, मागे कुणाला सोडून आला, हे काढायचं नाही. नावसुद्धा विचारायचं नाही. चार दिवसांत लोक आपणहून काहीतरी चिकटवतात आणि तेच मग पुरतं.

कुंडात त्याच्या शेजारची जागा शिट्टीची. शिट्टी ठेंगणा, पोट सुटलेला आणि तोंडाचा पट्टा कधी न थांबणारा. दोघांच्या खाणींत दोनशे पावलांचं अंतर. दुपारी एकला शिट्टी घड्याळ्याच्या खाणीच्या तोंडाशी यायचा आणि तोंडानं शीळ घालायचा, दोन आखूड, एक लांब. साठ फूट खालून घड्याळ्या लोखंडी शिडीवर हातोडीचे तीन ठोके द्यायचा. म्हणजे आहे, छत कोसळलेलं नाही. मग वर येऊन दोघं पत्र्याच्या सावलीत डबा खायचे. शिट्टी बोलायचा, घड्याळ्या ऐकायचा. एकोणीस वर्षांत घड्याळ्यानं सगळं मिळून शिट्टी एका आठवड्यात बोलतो तेवढं बोलणं केलं असेल.

घड्याळ्याकडे एक कॉम्प्युटर होता. सूर्याच्या पाट्यांवर चालायचा, छपरावरच्या ताटलीतून इंटरनेट यायचं. त्यावर तो फिनलंडचा रेडिओ ऐके आणि न पाहिलेल्या माणसांशी बुद्धिबळ खेळे. एकदा शिट्टीला पेन्शनचा अर्ज भरायचा होता, तर तो इथेच आला. त्यानं पहिली ओळ भरायला घेतली तशी घड्याळ्या उठला आणि बाहेर पाण्याच्या टाकीपाशी जाऊन पाठमोरा उभा राहिला. पहिल्या ओळीत माणसाचं खरं नाव असतं. शिट्टी दोन बोटांनी टाइप करणारा, त्याला तास लागला. घड्याळ्या तासभर उन्हात टाकीकडे तोंड करून उभा होता.

"झालं रे," आतून हाक आली. "भाजला असशील की लेका! पापड झाला असेल तुझा."

"वारा होता," घड्याळ्या म्हणाला. वारा नव्हता.

त्या वर्षी घड्याळ्याला रेघ लागली. भुयाराच्या भिंतीत मातीच्या थरातून ओपलच्या रंगाची बारीक रेघ जाते, कधी दोन हातांवर तुटते, कधी मैलभर नेते. ही तुटेना. नैऋत्येकडे सरळ चालली होती आणि त्याच्या नावावरच्या जमिनीच्या पट्ट्याची हद्द संपत आली होती. पुढचे चार पट्टे कुणा बेपत्ता मालकाचे होते, त्यांची मुदत मार्चअखेर संपायची होती. घड्याळ्यानं कॉम्प्युटरवर नकाशा काढला, रेघ कुठून कुठे जाईल ते लाल रंगात आखलं आणि शिट्टीला दाखवलं. दोन पट्टे तू घे, दोन मी घेतो, असं ठरलं. माळावर ही गोष्ट दुसऱ्या माणसाला सांगणं म्हणजे गळ्यातला ताईत काढून देणं आहे. त्यानं तो दिला.

त्याच सुमाराला त्याला एक मेल आली होती. ओपल घेणाऱ्या कुठल्याशा मंडळाच्या नावानं, यंदाच्या भावाची यादी जोडलेली. यादी उघडल्यावर वर एक पिवळी पट्टी आली, पूर्ण पाहायची तर हे बटण दाबा. त्यानं दाबलं. यादी उघडली, भावही बरे वाटले. त्यानं ती वाचली आणि विसरून गेला.

एप्रिलच्या एक तारखेला सकाळी दोघं अर्ज घेऊन कचेरीत गेले, तर खिडकीतली बाई म्हणाली, "ते चारही पट्टे गेले. दार उघडायच्या आत लोक उभे होते."

चार अनोळखी माणसं, चार पट्टे, नैऋत्येकडे एका सरळ ओळीत. आजूबाजूचे शंभर पट्टे मोकळे असताना नेमके तेच चार. दुपारी घड्याळ्यानं स्वतःच्या हद्दीवर उभं राहून पाहिलं. नव्या खुणांचे खुंट त्याच्या लाल रेघेवर ठोकलेले होते.

आता इथे एक सांगायला हवं. माळावर चोरी झाली की आमचं डोकं एकाच वाटेनं चालतं. इथल्या चोराला आम्ही उंदीर म्हणतो. दुसऱ्याच्या खाणीत उतरून रंगाची माती उकरून नेणारा. आणि उंदीर नेहमी शेजारचाच असतो, शेजारच्यालाच ठाऊक असतं काय सापडलंय ते. त्यामुळे आम्ही खाणीच्या तोंडाला कुलपं घालतो, शिडी वर ओढून घेतो, भुयारात पीठ पसरून ठेवतो, म्हणजे पावलं उमटतात. कॉम्प्युटरच्या परवलीच्या शब्दाची मात्र कोण फिकीर करतो! घड्याळ्याचा होता एक ते सहा आकडे.

नकाशा दोघांनाच ठाऊक होता. एक तो स्वतः. घड्याळ्या रात्रंदिवस हेच घोळवत बसला आणि त्याचं मन नासलं. शिट्टीचेही दोन पट्टे गेलेत, मग त्याचा काय फायदा, हा प्रश्न त्यानं स्वतःला विचारला नाही. विकला असेल, त्यानं ठरवलं.

मे महिन्यात त्याला डोळे दाखवायला डबो शहरात जायचं होतं, दोन रात्रींचा मुक्काम. त्यानं कुणाला सांगितलं नाही. खाणीवर कुणी नाही असं कळू नये म्हणून गाडी खाणीच्या तोंडाशी लावली, खाणीचं झाकण उघडं ठेवलं, शिडी खाली सोडलेली ठेवली, भुयारात दोन किलो पीठ पसरलं आणि पहाटे चालत जाऊन बस पकडली. पाहणाऱ्याला वाटावं म्हातारा खालीच आहे.

परत येऊन उतरला, तर पिठात पावलं. डाव्या टाचेला टायरचं ठिगळ. असलं ठिगळ माळावर एकाच बुटाला होतं, शिट्टीच्या.

संध्याकाळी सहाला तो कुंडावर गेला नाही. क्लबात गेला. शिट्टी खिडकीजवळच्या टेबलावर रोको नावाच्या क्रोएशियन म्हाताऱ्याशी पत्ते खेळत होता. घड्याळ्या समोर उभा राहिला आणि सगळ्या क्लबाला ऐकू जाईल असं म्हणाला, "उंदीर आहेस तू."

पत्ते थांबले. या शब्दावरून इथे माणसांची डोकी फुटलेली आहेत.

शिट्टीनं हातातले पत्ते खाली ठेवले. "तुझी गाडी तोंडाशी उभी होती," तो म्हणाला. "दोन दिवस. मी शीळ घातली, ठोका आला नाही. दुसऱ्या दिवशीही आला नाही. माझे गुडघे तुला ठाऊक आहेत, तरी उतरलो. म्हटलं छत पडलं."

"मग वर येऊन कुणाला सांगितलं का नाहीस?"

"काय सांगू? तू खाली नव्हतास. खाली नाहीस म्हणजे कुठेतरी धडधाकट आहेस. मग कशाला गावभर बोंब मारू?"

"नकाशा कुणाला दिलास?"

यावर शिट्टी उठला आणि टोपी घेऊन बाहेर पडला. बघणाऱ्यांनी त्याचा अर्थ हवा तसा लावला. आठ दिवसांत त्यानं आपलं खणायचं यंत्र मिळेल त्या किमतीला विकलं आणि गेला. उसना नेलेला मोठा पाना त्यानं जाताना घड्याळ्याच्या दाराशी आणून ठेवला होता, तेल लावून.

मग जूनचा हिवाळा आला. घड्याळ्या सहाला कुंडावर जायचा, शेजारची जागा रिकामी. लोक तिथे बसत नव्हते. का, ते कुणाला सांगता आलं नसतं. रेघ हद्दीपाशी संपली होती, तरी तो रोज उतरायचा, कारण उतरायचं नाही तर करायचं काय? दुपारी एक वाजला की त्याचा हात आपोआप हातोडीकडे जायचा. एकदा त्यानं खरंच शिडीवर तीन ठोके दिले. वर कुणी नव्हतं. त्यानं आवाज विरेपर्यंत ऐकलं आणि मग डबा खालीच, अंधारात बसून खाल्ला. फार एकटा पडला होता तो, आणि आपण बरोबर होतो याचाही त्याला काडीचा आधार वाटत नव्हता.

घरात कॉम्प्युटरचा पंखा घरघरत राहायचा, कुणी हात न लावता. महिन्याचं इंटरनेट मार्चपासूनच बारा तारखेला संपत होतं. त्यानं कंपनीला दोनदा फोन करून भांडण केलं. ते म्हणाले, तुम्हीच वापरलंत. त्याला वाटलं, म्हातारपणी आपल्याला रेडिओ जास्त लागत असेल.

ऑगस्टमध्ये क्लबाच्या फळ्यावर एक कागद लागला. वाचनालयातल्या व्हर्नाचा. चार ओळींचा: भावाची यादी म्हणून आलेली मेल ज्यांनी उघडली असेल त्यांनी मशीन बंद करून माझ्याकडे आणावं, लाजू नये, आतापर्यंत सातजण आलेत. व्हर्ना वाचनालयाचे कॉम्प्युटर सांभाळते, पन्नाशीची, चष्मा दोरीला लटकवलेला, जिभेला धार. घड्याळ्या त्या कागदासमोर बराच वेळ उभा राहिला. दुसऱ्या दिवशी त्यानं मशीन पोत्यात गुंडाळलं आणि नेलं.

"पिवळी पट्टी आली होती?" व्हर्नानं विचारलं.

"आली होती."

"बटण दाबलंस?"

"दाबलं."

"शाबास! मेले सगळे दाबतातच." तिनं आधी इंटरनेट तोडलं, मग एका पेनड्राइव्हवरून काहीतरी चालवलं आणि अर्धा तास गप्प बसली. घड्याळ्या समोरच्या खुर्चीत टोपी मांडीवर ठेवून बसला होता.

"हे बघ," शेवटी ती म्हणाली. "यादी खरीच होती, ती तुझं लक्ष गुंतवायला. बटण दाबलंस तेव्हा तिच्याआडून एक छोटा प्रोग्राम आत उतरला. नाव प्रिंटरचं घेतलंय, म्हणजे कुणाला संशय नको. तुझ्याकडे प्रिंटर आहे?"

"नाही."

"नाहीच ना. मशीन चालू झालं की हा पण चालू होतो आणि बाहेरच्या मालकाला सांगतो, ये, दार उघडं आहे. चोरदरवाजा म्हणतात याला. तू तुझ्या खाणीच्या तोंडावर पहारा देत बसायचं आणि कुणीतरी पलीकडून आडवं भुयार खणून आत यायचं, तसं झालं हे. तू काय टाइप करतोस ते लिहून घ्यायचा, फायली उचलून पाठवायचा. म्हणून तुझं इंटरनेट संपायचं."

"कुणाला पाठवायचा?"

"तो माणूस पोलिसांना अजून सापडला नाही. कुठे दूर बसला असेल. पण त्याच्याकडून नकाशे विकत घेणारे सापडलेत. तुझ्या पुढचे चार पट्टे घेतलेले त्यातलेच."

घड्याळ्याच्या मांडीवरची टोपी खाली पडली. त्यानं ती उचलली नाही.

"काय काय नेलं ते बघायचंय? यानं नोंद ठेवलीय, मूर्खानं." तिनं पडदा त्याच्याकडे वळवला. एकाखाली एक फायली, पुढे तारखा. लाल रेघेचा नकाशा, फेब्रुवारीच्या नऊ तारखेला. बुद्धिबळाचे डाव. डोळ्यांच्या डॉक्टरचं पत्र. आणि नकाशाच्या वर, फेब्रुवारीच्या सहा तारखेला, पेन्शनचा अर्ज. फाइलीच्या नावातच माणसाचं नाव होतं: लायनल ट्रेविन.

घड्याळ्यानं ते दोनदा वाचलं. लायनल. हे नाव दिसू नये म्हणून तो उन्हात तासभर टाकीकडे तोंड करून उभा राहिला होता. एकोणीस वर्षं शेजारी बसून त्यानं ते विचारलं नव्हतं, आणि कुठल्याशा चोरानं ते सहा तारखेला, दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी उचलून नेलं होतं.

"आणखी एक आहे," व्हर्ना जरा हळू आवाजात म्हणाली. "कॅमेरा पण चालवायचा तो अधूनमधून. तुझं इंटरनेट संपलं की फोटो पाठवता यायचे नाहीत, ते इथेच साठून राहिलेत. पुसून टाकू?"

"बघू दे."

साठ-सत्तर फोटो होते. बहुतेकांत तोच, टेबलाशी एकटा, चमचा तोंडाकडे नेताना, किंवा नुसताच बसलेला. आपण इतके म्हातारे दिसतो हे त्याला माहीत नव्हतं. सगळ्यात जुन्या फोटोत मात्र दोघं होते. मार्चमधला. तो बुद्धिबळाच्या पटाकडे बघतोय आणि मागे आरामखुर्चीत शिट्टी, तोंड उघडं टाकून झोपलेला, पाय पुढे पसरलेले, डाव्या टाचेचं ठिगळ सरळ कॅमेऱ्याकडे.

दोघांचा एकत्र असा दुसरा फोटो जगात नव्हता. घड्याळ्याला रडू आलं. वाचनालयात शाळेच्या दोन शिक्षिका वर्तमानपत्र वाचत होत्या, त्यांच्यासमोर तो टोपीविना, उघड्या डोक्यानं रडला, आणि व्हर्नानं चष्मा पुसायचं निमित्त करून दुसरीकडे पाहिलं.

"मशीन सगळं धुऊन काढावं लागेल," ती नंतर म्हणाली. "हा एक छापून देते. आणि अर्जावर पत्ता आहे, फोन नंबरही आहे बघ. मूंटा गावातला. बहिणीचा आहे वाटतं."

घड्याळ्यानं त्याच संध्याकाळी फोन केला नाही. आधी तो क्लबात गेला, सहाला, कुंड सोडून. खिडकीजवळच्या त्याच टेबलापाशी उभा राहिला आणि तेवढ्याच मोठ्यानं म्हणाला, "शिट्टी उंदीर नव्हता. चोर माझ्या कॉम्प्युटरमध्ये होता. मीच त्याला आत घेतलं होतं, बटण दाबून. शिट्टी मला शोधायला खाली उतरला होता. मी खोटं बोललो." रोकोनं पायानं समोरची खुर्ची मागे ढकलली आणि म्हणाला, "बस खाली." घड्याळ्या बसला नाही. त्याला ते जमलं नसतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी एक वाजता त्यानं फोन लावला. एका बाईनं उचलला.

"लायनल ट्रेविन आहेत का?"

"कोण बोलतंय?"

तो अडला. मग म्हणाला, "रिजवरून बोलतोय. घड्याळ्या म्हणतात मला."

"तुम्हीच का ते," बाई म्हणाली. रिसिव्हर लाकडावर आपटला. लांबवर कुणीतरी कुणाशी वाद घालत होतं. मग श्वास ऐकू आला, ओळखीचा, नाकातून येणारा.

"बोल."

"शिट्टी..."

"इथे मला कुणी शिट्टी म्हणत नाही."

"लायनल," घड्याळ्या म्हणाला.

"हे नाव तुला कुणी दिलं?"

"चोरानं." आणि त्यानं सगळं सांगितलं, भावाची यादी, पिवळी पट्टी, अर्ज, नकाशा. एका दमात इतकं तो कधी बोलला नव्हता.

"म्हणजे मी चोर नाही हे कळायला तुला चोर सापडावा लागला," लायनल म्हणाला.

"हो."

"एकोणीस वर्षं पुरली नाहीत."

"नाही पुरली. चुकलो मी. क्लबात सांगितलं सगळ्यांसमोर. पण ते काही पुरेसं नाही, मला कळतं."

"रोको होता?"

"होता."

"हं." मागे कुठेतरी ओव्हनचं दार बंद झालं. "मी काही आता परत यायचा नाही. गुडघे गेले. आणि मन उडालं तिकडून."

"येऊ नकोस," घड्याळ्या म्हणाला. "मी येऊ?"

घड्याळ्याच्या हातात फोटोचा कागद होता, घामानं एका कोपऱ्याशी ओला झालेला. साठ फूट खाली बसून वरच्या शिळेची वाट बघावी, तसा तो बसून राहिला.

"घर बहिणीचं आहे," लायनल शेवटी म्हणाला. "तिला विचारावं लागेल. कोण येतंय म्हणून सांगू?"

"घड्याळ्या..."

"ते नको. घड्याळ्या कोण ते तिला ठाऊक आहे, ती दार उघडायची नाही. तुझं नाव काय?"

आणि मग त्याला ते म्हणावं लागलं. किती वर्षं कुणी त्याला त्या नावानं हाक मारली नव्हती. "एंटेरो," तो म्हणाला. "एंटेरो कुइस्मा."

"थांब, पेन्सिल घेतो," लायनल म्हणाला. "हं. सावकाश सांग."

आणि त्यानं एकेक अक्षर सांगितलं.